वैभव, विक्री आणि विस्मरण : न्यू ऑर्लीन्समधील सेंट लुई हॉटेलचा इतिहास

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना राजवाडे, किल्ले, प्रार्थनास्थळे आणि न्यायालये यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. हॉटेलकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या संदर्भात ही उपेक्षा योग्य ठरत नाही. त्या काळातील मोठे हॉटेल ही केवळ प्रवाशांच्या निवासाची जागा नव्हती. व्यापाऱ्यांचे सौदे, बँकांचे व्यवहार, राजकीय पक्षांच्या बैठका, नृत्यसमारंभ आणि जाहीर लिलाव या सर्वांना तेथे एकाच छताखाली जागा मिळत असे. त्यामुळे अशा वास्तूच्या इतिहासात त्या समाजाची अर्थव्यवस्था, कायदा आणि नीतिकल्पना यांचे एकत्रित दर्शन घडते.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लीन्स हे शहर आहे. त्याच्या ‘फ्रेंच क्वार्टर’ या ऐतिहासिक भागात सेंट लुई हॉटेल उभे होते. इ. स. १८३८ मध्ये सुरू झालेली ही वास्तू ऐश्वर्यासाठी प्रसिद्ध होती, आणि तिच्याच भव्य घुमटाखाली माणसांचा लिलाव होत असे. या दोन गोष्टी योगायोगाने एका ठिकाणी आल्या होत्या, की त्या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या? आणि त्या जागी १९६० मध्ये नवे आलिशान हॉटेल उभे राहिले, तेव्हा जुन्या वास्तूचे नेमके काय जतन झाले व काय गळून पडले? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात सेंट लुई हॉटेलच्या इतिहासाची मांडणी केली आहे.

दुभंगलेले शहर आणि दोन हॉटेले

न्यू ऑर्लीन्सची स्थापना १७१८ मध्ये फ्रेंचांनी केली. पुढे हे शहर स्पेनच्या ताब्यात गेले. १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुन्या वस्तीचा मोठा भाग जळाला आणि स्पॅनिश राजवटीत तो नव्याने उभा राहिला. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा विशाल प्रदेश विकत घेतला गेल्यावर शहर अमेरिकेच्या संघराज्यात आले. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील या बंदरातून देशाच्या अंतर्भागातील कापूस व साखर जगभर जाऊ लागली. १८४० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,०२,१९३ इतकी नोंदली गेली. लोकसंख्येच्या दृष्टीने न्यू ऑर्लीन्स तेव्हा अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते.

या भरभराटीबरोबर शहरात एक तेढही निर्माण झाली. जुन्या वस्तीतील फ्रेंच भाषक क्रिओल समाज आणि उत्तरेकडून आलेले इंग्रजी भाषक अमेरिकन यांच्यातील स्पर्धा इतकी विकोपाला गेली, की १८३६ मध्ये शहराचे तीन स्वतंत्र नगरपालिकांमध्ये विभाजन करण्यात आले. कॅनाल स्ट्रीट हा रुंद रस्ता दोन समाजांमधील सीमारेषा ठरला. अमेरिकन वस्तीत १८३७ मध्ये सेंट चार्ल्स हॉटेल सुरू झाले. त्याला तोडीस तोड म्हणून क्रिओल वस्तीत सेंट लुई स्ट्रीटवर, रॉयल व चार्टर्स या रस्त्यांच्या दरम्यान, ‘सिटी एक्स्चेंज’ उभारण्यात आले. हेच पुढे सेंट लुई हॉटेल म्हणून ओळखले जाऊ लागले.

फ्रान्समधून आलेले वास्तुविशारद जे. एन. बी. द पुई यांनी या इमारतीचा आराखडा केला होता. दोन-तीन वर्षांतच ती आगीच्या भक्ष्यस्थानी पडली, परंतु लगेच पुन्हा बांधण्यात आली. न्यू ऑर्लीन्सची जमीन गाळाची असल्याने जड बांधकाम खचण्याची भीती असे. म्हणून घुमटाचा भार कमी करण्यासाठी पोकळ मातीच्या भांड्यांचा उपयोग करण्यात आला. घुमटाच्या अंतर्भागावर दोमिनिक कानोव्हा या चित्रकाराने चित्रे रंगवली. घुमटाखालील वर्तुळाकार दालन, मद्यालय, भोजनगृह आणि नृत्यदालन यांमुळे ही वास्तू क्रिओल समाजाच्या प्रतिष्ठेचे केंद्र बनली.

‘एक्स्चेंज’ म्हणजे विनिमयगृह. हे नाव केवळ शोभेचे नव्हते. गावात आलेला मळेवाला येथे उतरे, येथेच जेवे, येथेच कापसाच्या दलालाशी हिशेब करी आणि येथेच खरेदी करी. त्या खरेदीत माणसांचाही समावेश होता.

घुमटाखालचा बाजार

अमेरिकेने १ जानेवारी १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यावर बंदी घातली. परंतु देशांतर्गत गुलामविक्री चालूच राहिली, किंबहुना ती अधिक वाढली. व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांत तंबाखूची शेती मंदावली होती, तर खालच्या दक्षिणेत कापसाच्या व उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्यामुळे यादवी युद्धापूर्वीच्या दशकांत सुमारे दहा लाख कृष्णवर्णीय माणसे जुन्या राज्यांतून सक्तीने दक्षिणेत नेली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोणी जहाजातून आले, तर कोणी साखळदंडांनी जखडलेल्या तांड्यातून पायी चालत आले. या व्यापाराची सर्वांत मोठी बाजारपेठ न्यू ऑर्लीन्स ही होती. वॉल्टर जॉन्सन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोल बाय सोल’ या ग्रंथात तिचा विस्तृत अभ्यास केला आहे. या एका शहरात विकल्या गेलेल्या माणसांची संख्या एक लाखाहून अधिक असल्याचे मानले जाते.

व्यापाऱ्यांचे कोंडवाडे शहरात अनेक ठिकाणी होते. सॉलोमन नॉर्थप या पळवून आणलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिकाची १८४१ मध्ये अशाच एका कोंडवाड्यातून विक्री झाली होती. त्यांचे आत्मकथन १८५३ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंट लुई हॉटेलचे वेगळेपण असे, की येथील विक्री शहराच्या सर्वांत देखण्या दालनात, दुपारी बारा ते तीन या वेळात, उघडपणे होत असे. हॉटेलचा हंगाम आणि गुलामविक्रीचा हंगामही साधारणपणे एकच होता. उन्हाळ्यात पीतज्वराच्या भीतीने सधन लोक शहर सोडून जात. शरद ऋतूपासून मळेवाले परतू लागत आणि बाजार भरू लागे.

या दालनाचे एक महत्त्वाचे वर्णन जेम्स सिल्क बकिंगहॅम या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. भारतीय वृत्तपत्रसृष्टीच्या अभ्यासकांना हे नाव अपरिचित नाही. ‘कलकत्ता जर्नल’ या पत्रातून कंपनी सरकारवर टीका केल्यामुळे १८२३ मध्ये त्याला भारतातून हद्दपार करण्यात आले होते. पुढे अमेरिकेच्या प्रवासात त्याने हे हॉटेल पाहिले आणि १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तेथील लिलावांची हकीकत दिली. एकाच वेळी अनेक लिलाव पुकारणारे एकमेकांवर आवाज चढवीत होते. एकीकडे चित्रे, दुसरीकडे जमिनीचे भूखंड, तर तिसरीकडे माणसे विकली जात होती. पुकारा इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत होत होता. याच ग्रंथात विल्यम हेन्री ब्रुक याच्या चित्रावरून केलेले एक खोदचित्र आहे. त्यात घुमटाखाली स्थावर मालमत्ता, चित्रे आणि गुलाम यांची विक्री एकाच दृश्यात दाखवली आहे. न्यू ऑर्लीन्समधील गुलामविक्रीचे ते सर्वाधिक परिचित चित्र आहे.

या वर्णनातील महत्त्वाची बाब क्रौर्यापेक्षा सहजता ही आहे. वेदीवर उभ्या केलेल्या कुटुंबाकडे पाहणारा गिऱ्हाईक काही पावले चालून मद्यालयात जाऊ शकत होता. हॉटेलच्या झगमगाटामुळे गुलामांच्या व्यापाराला प्रतिष्ठा मिळाली आणि गुलामांच्या व्यापारामुळे हॉटेलला गिऱ्हाईक मिळाले. म्हणून वैभव आणि विक्री यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

कायदा, नोटरी आणि तारण

या व्यवहारांचा तपशील आज उपलब्ध आहे, याचे कारण लुइझियानाची कायदेपद्धती होय. फ्रेंच व स्पॅनिश परंपरेतून आलेल्या येथील दिवाणी कायद्याने गुलामाला स्थावर मालमत्ता मानले होते. त्यामुळे जमिनीच्या खरेदीखताप्रमाणे माणसाच्या विक्रीचीही नोटरीसमोर रीतसर नोंद होत असे. विकल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय, वर्ण, कसब आणि किंमत असा तपशील त्या दस्तऐवजांत सापडतो.

विकत घेतलेल्या व्यक्तीत छुपा ‘दोष’ आढळल्यास खरेदीदाराला न्यायालयात दाद मागता येत असे. कुष्ठरोग, वेड आणि अपस्मार हे शारीरिक दोष, तर चोरीची आणि पळून जाण्याची सवय हे स्वभावदोष मानले जात. स्वातंत्र्याची इच्छा ही या कायद्याच्या दृष्टीने मालातील खोट होती. दहा वर्षांखालील मुलाला आईपासून वेगळे विकण्यास कायद्याने मनाई होती. वरवर दयाळू वाटणाऱ्या या तरतुदीचा दुसरा अर्थ असा होता, की दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची आईपासून ताटातूट करणे पूर्णपणे कायदेशीर होते.

बँकांचा वाटाही तितकाच स्पष्ट आहे. मळेवाल्यांना कर्ज देताना जमिनीबरोबर गुलामही तारण म्हणून घेतले जात. १८३१ ते १८६५ या काळात सिटिझन्स बँक व कॅनाल बँक या लुइझियानातील दोन बँकांनी सुमारे १३,००० माणसे तारण म्हणून स्वीकारली आणि कर्ज थकल्यामुळे त्यांपैकी सुमारे १,२५० माणसे या बँकांच्या मालकीची झाली. या बँकांची वारस असलेल्या जे. पी. मॉर्गन चेस या संस्थेने जानेवारी २००५ मध्ये ही बाब जाहीर करून क्षमायाचना केली.

शोषणाच्या सोयीसाठी तयार झालेले हे दफ्तरच पुढे शोषितांच्या इतिहासाचे साधन बनले. ग्वेन्डोलिन मिडलो हॉल यांनी अशा नोंदींच्या आधारे १७१९ ते १८२० या काळातील लुइझियानातील सुमारे एक लाख गुलामांची माहिती संकलित करून २००० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची नावे निदान खरेदीखतांत टिकून राहिली.

१८६२ : लिलाव थांबला, पडसाद मुंबईपर्यंत

अमेरिकेतील यादवी युद्धात एप्रिल १८६२ मध्ये संघराज्याच्या सैन्याने न्यू ऑर्लीन्स जिंकले आणि घुमटाखालचा बाजार संपुष्टात आला. तथापि १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून हे शहर वगळण्यात आले होते, कारण जाहीरनामा बंडखोर प्रदेशापुरताच मर्यादित होता. राज्यातील गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती १८६४ च्या राज्यघटनेने.

न्यू ऑर्लीन्ससारख्या बंदरांतून निघणारा कापूस युद्धामुळे अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर पश्चिम भारताकडे वळली. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत आलेली कापसाच्या पैशाची लाट, खानदेश-वऱ्हाडातील शेतीवर झालेले तिचे परिणाम आणि १८६५ मधील कोसळणे हा महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातील परिचित अध्याय आहे. सेंट लुई हॉटेलमध्ये माणसे विकत घेणाऱ्या अनेक मळेवाल्यांची सुबत्ता ज्या कापसावर उभी होती, त्याच कापसाच्या तुटवड्यावर मुंबईतील सट्टा फोफावला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दुसरा संबंध अधिक मोलाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. जातिव्यवस्थेने दडपलेल्यांच्या मुक्तीसाठी अमेरिकेचा दाखला त्यांना आश्वासक वाटला. त्याच वर्षी लुइझियानात सीझर कार्पेंटिए अँटोइन हे कृष्णवर्णीय नेते राज्याचे उपराज्यपाल झाले होते. या आश्वासनाची पुढे काय गत झाली, हे पाहण्यासाठी पुन्हा सेंट लुई हॉटेलकडेच वळावे लागते.

लिलावगृह ते विधानगृह

१८७४ मध्ये या इमारतीत लुइझियाना राज्याचे विधानगृह आले. १८६८ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला होता. त्यामुळे जेथे कृष्णवर्णीय माणसांची बोली लागत असे, तेथेच कृष्णवर्णीय प्रतिनिधी कायदे करण्यासाठी बसू लागले आणि अँटोइन हे सेनेटचे अध्यक्षस्थान भूषवू लागले. एकाच वास्तूत पंधरा वर्षांच्या आत घडलेले हे परिवर्तन असामान्य म्हणावे लागेल.

परंतु जुन्या वर्चस्वाचा प्रतिकारही तितकाच तीव्र होता. १४ सप्टेंबर १८७४ रोजी ‘व्हाइट लीग’ या सशस्त्र संघटनेने राज्यपाल विल्यम केलॉग यांचे सरकार उलथवले. तीन दिवसांनी संघराज्याच्या सैन्यामुळे ते पुन्हा सत्तेवर आले. ४ जानेवारी १८७५ रोजी विधानसभेच्या वादग्रस्त सदस्यांना बाहेर काढण्यासाठी सैनिकांना थेट सभागृहात यावे लागले. १८७६ च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकन पक्षाचे स्टीफन पॅकर्ड आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रान्सिस निकोल्स या दोघांनीही राज्यपालपदावर दावा सांगितला. जानेवारी १८७७ मध्ये दोघांचेही शपथविधी झाले. शहर निकोल्स यांच्या सशस्त्र समर्थकांच्या ताब्यात गेले आणि पॅकर्ड यांची सत्ता जवळजवळ या हॉटेलच्या भिंतींपुरतीच उरली.

२४ एप्रिल १८७७ रोजी वॉशिंग्टनच्या आदेशानुसार संघराज्याचे सैनिक मागे घेतले गेले आणि पॅकर्ड यांचे सरकार संपले. अमेरिकेच्या इतिहासात ‘पुनर्रचना’ म्हणून ओळखले जाणारे पर्व येथे समाप्त झाले. पुढील परिणाम आकड्यांतच दिसतात. राज्यात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १८९८ च्या नव्या राज्यघटनेनंतर, १९०० मध्ये, ती ५,३२० वर आली.

पडझड, पुतळे आणि पुनर्निर्मिती

१८८२ मध्ये राजधानी बॅटन रूज येथे परत गेली. नंतर काही काळ ‘हॉटेल रॉयल’ या नावाने इमारतीचा वापर झाला, पण जुने वैभव परतले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ती ओसाड पडली होती. मोडकळीस आलेल्या दालनात पर्यटकांना गुलामांच्या लिलावाचा चौथरा दाखवला जाई आणि त्याची चित्रकार्डेही विकली जात. इंग्रज साहित्यिक जॉन गॉल्सवर्दी यांनी हे अवशेष पाहून त्यांवर लेख लिहिला. सप्टेंबर १९१५ च्या चक्रीवादळात इमारतीचे मोठे नुकसान झाले आणि त्यानंतर ती पाडण्यात आली.

याच काळात जुन्या वस्तीच्या जतनाची चळवळ मूळ धरू लागली. १९३६ च्या घटनादुरुस्तीमुळे ‘व्यू कारे कमिशन’ या संस्थेला फ्रेंच क्वार्टरमधील बांधकामांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार मिळाले. १९६५ मध्ये हा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला आणि १९६९ मध्ये तेथे नव्या हॉटेलांच्या उभारणीला मनाई करण्यात आली. या मनाईपूर्वीच, १९६० मध्ये, सेंट लुई हॉटेलच्या जागी ‘रॉयल ऑर्लीन्स’ हे आलिशान हॉटेल उभे राहिले होते. आज ते ‘ऑम्नी रॉयल ऑर्लीन्स’ या नावाने ओळखले जाते. जुन्या वास्तूच्या बाह्यरूपाचा आधार घेऊन त्याची रचना करण्यात आली आणि चार्टर्स स्ट्रीटच्या बाजूला जुन्या दगडी कमानींचा अवशेष बसवण्यात आला. त्यावर ‘एक्स्चेंज’ या जुन्या शब्दाची अखेरची अक्षरे अजून वाचता येतात. पुढची अक्षरे गेल्यामुळे उरलेला शब्द ‘चेंज’, म्हणजे बदल, असा दिसतो.

तो बदल किती झाला होता? १९६० मध्येच रुबी ब्रिजेस या सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला या शहरातील शाळेत संघराज्याच्या अधिकाऱ्यांच्या संरक्षणात जावे लागले. हॉटेलांत वर्णभेद करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई केली. अटलांटातील एका मोटेलच्या मालकाने त्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये कायदा वैध ठरवला. तरीही जानेवारी १९६५ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये आलेल्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंना टॅक्सी व करमणुकीच्या ठिकाणी अपमान सोसावा लागला. त्यांनी बहिष्कार टाकल्यामुळे नियोजित सामना ह्यूस्टनला हलवावा लागला.

स्मृतिफलकाचा प्रश्न

शहराला स्मारके उभारता येत नव्हती, असे नाही. १८७४ च्या व्हाइट लीगच्या उठावाच्या गौरवार्थ १८९१ मध्ये स्तंभ उभारला गेला होता. तो २४ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे सैन्य मागे घेतल्याच्या घटनेला बरोबर १४० वर्षे झाली त्या दिवशी, हटवण्यात आला. पुढील महिन्यात सेनापती ली यांचा पुतळा काढताना महापौर मिच लँड्र्यू यांनी शहरातील या विसंगतीकडे लक्ष वेधले : गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्यांचे पुतळे आहेत, पण गुलामांची जहाजे आणि लिलावाचे चौथरे यांच्या ठळक खुणा नाहीत.

दरम्यान २०१५ मध्ये ‘हिस्टॉरिक न्यू ऑर्लीन्स कलेक्शन’ या संस्थेने देशांतर्गत गुलामव्यापारावर प्रदर्शन भरवले. शहराच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, गुलामव्यापाराशी संबंधित जागांवर फलक लावण्यात आले. त्यांत सेंट लुई हॉटेलच्या जागेचाही समावेश आहे. लिलाव थांबल्याला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सेंट लुई हॉटेलमधील गुलामविक्री हा वैभवाला लागलेला अपघाती डाग नव्हता. मळेवाला, बँक, नोटरी, लिलाव पुकारणारा आणि यजमान हॉटेल हे एकाच अर्थव्यवस्थेचे घटक होते. दुसरी, एखाद्या जागेचा उपयोग बदलल्याने सत्तासंबंध कायमचे बदलत नाहीत. लिलावाच्या जागी विधानगृह आले, परंतु १८७७ मध्ये सैन्याचे संरक्षण हटताच मिळालेले हक्क हिरावले गेले. तिसरी बाब वारसा-जतनाविषयीची आहे. कमानी, छज्जे आणि दर्शनी भाग यांचे नियमन काटेकोरपणे झाले. ज्यांच्या श्रमाच्या व देहाच्या किमतीवर ते उभे राहिले, त्यांच्या स्मृतीसाठी मात्र असा कोणताही नियम नव्हता.

वारशाचे जतन म्हणजे रूपाचे जतन, ही समजूत केवळ न्यू ऑर्लीन्सपुरती मर्यादित नाही. जुना वाडा किंवा राजवाडा पर्यटकांसाठी आलिशान निवासात रूपांतरित होतो, तेथे सर्वत्र हा प्रश्न उपस्थित होतो. दगडांबरोबर त्या जागेची माणसेही इतिहासात यावयाची असतील, तर वास्तुविशारदाच्या आराखड्याइतकेच महत्त्व नोटरीच्या दफ्तराला द्यावे लागेल. चार्टर्स स्ट्रीटवरील भिंतीवर उरलेली अक्षरे पुसट आहेत, आणि त्यांचा पूर्ण शब्द तेथे दिसत नाही. तो शब्द कशाच्या विनिमयाचा होता, हे ठाऊक असलेल्यालाच त्या भिंतीचा अर्थ कळू शकतो.